अर्ध्या वाटेत कुत्रा अडवून पैसे मागणारे ‘पेट ट्रान्सपोर्ट’वाले : आमचा अनुभव

घर बदलताना कुत्रा-मांजर दुसऱ्या गावी पोहोचवून देतो म्हणणारे बरेच एजंट इंटरनेटवर सापडतात. त्यातली एक टोळी नेमकं काय करते ते सविस्तर सांगते. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे वेगळे. हे गायब होत नाहीत. गाडी खरोखर पाठवतात, जनावर ताब्यात घेतात आणि ते अर्ध्या वाटेवर पोहोचलं की आणखी पैसे मागतात. आपलं मुकं जनावर त्यांच्या हातात असताना कोणी नाही म्हणणार नाही, यावरच त्यांचा सगळा धंदा चालतो.

आम्ही मे महिन्यात ठाण्याहून नागपूरला राहायला आलो. नवऱ्याला मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागात नोकरी लागली, माझी आई प्रतापनगरात एकटीच असते, म्हणून तिच्याजवळच घर बघितलं. सामानाचा ट्रक सहज ठरला. प्रश्न होता खंडूचा आणि चिंगीचा. खंडू आमचा देशी कुत्रा, आता म्हातारा होत चाललेला, चिंगी मांजर. रेल्वेची चौकशी आधी केली होती. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच कुत्रा आपल्यासोबत नेता येतो, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत विदर्भ एक्सप्रेसला तसं आरक्षण मिळेना. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्सचा. मे महिन्यात त्या लोखंडी पेटीत खंडूला घालायची माझी तयारी नव्हती.

मग हा एजंट मिळाला. फोनवर अतिशय मायेने बोलायचा. खंडू काय खातो, चिंगी कशाला घाबरते, सगळं विचारून घेतलं त्याने. एसी गाडी, फक्त आमचीच जनावरं, सोबत सांभाळणारा माणूस, उन्हामुळे रात्रीचा प्रवास, पहाटे नागपूर. भाव 26,000 रुपये, निम्मे आधी. 13,000 भरल्यावर क्रेटचे, म्हणजे पिंजऱ्याचे, 4,500 मागितले. त्यानंतर ‘रिफंडेबल इन्शुरन्स’चे 8,000. “मॅडम, गव्हर्नमेंट रूल है, इसके बिना गाडी नागपूर में एंट्री नहीं करेगी.” हे धादांत खोटं आहे. राज्यातल्या राज्यात घरचा कुत्रा किंवा मांजर नेताना कुठलाही प्रवेश परवाना लागत नाही, विम्याचीही सक्ती नाही.

कायद्याला हवा असतो तो पशुवैद्यकाचा दाखला. 1978 च्या प्राण्यांच्या वाहतुकीच्या नियमांप्रमाणे कुत्र्या-मांजरांच्या प्रवासाआधी त्यांना तपासून, ते प्रवासाला योग्य आहेत आणि त्यांना रेबीजसह कुठलाही संसर्गजन्य रोग नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. एजंटने हा दाखला स्वतःच मोबाईलवर पाठवला. खंडूचं वय चूक, चिंगीचा रंग चूक, आणि दोघांनाही कुठल्या डॉक्टरने बघितलेलंच नाही. बिनतपासणीचा असा दाखला कोणी पाठवला की तिथेच व्यवहार तोडा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जनावर घेऊन जा, लसीकरणाचं कार्ड दाखवा, दाखला स्वतः घ्या. मी तेच केलं आणि खरा दाखला नवऱ्याकडे ठेवला. पुढे पोलिसांना दाखवायला तोच कामी आला.

मी मुलाला घेऊन रेल्वेने पुढे निघाले. गाडी संध्याकाळी यायची होती. ती आली मध्यरात्र उलटल्यावर. एसीबीसी काही नाही, साधी व्हॅन. मागे पिंजऱ्यावर पिंजरे, त्यात आधीच दोन कुत्री. सांभाळणारा माणूस नाही, एकटा ड्रायव्हर. नवऱ्याने एजंटला फोन लावला तर त्याचा आवाजच बदललेला. गाडी परत पाठवायची तर पाठवा, पैसे विसरा. इकडे घर रिकामं झालेलं, सकाळी किल्ली मालकाला द्यायची, सामान ट्रकमध्ये. ही अडचण त्याला आमच्याच बोलण्यातून कळलेली होती. वेळ मुद्दाम टाळून टाळून तो आपल्याला अशा कोपऱ्यात आणतो की दुसरी सोय करायला जागाच उरत नाही. एक गोष्ट मात्र नवऱ्याने केली: गाडीच्या नंबरचा, पिंजऱ्यांचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढला, आणि ड्रायव्हरकडून त्याच्या स्वतःच्या फोनचं लाइव्ह लोकेशन घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एजंटचा फोन आला. समृद्धी महामार्गावर चेकपोस्टला गाडी अडवलीय, जनावरं जप्त होतील, 15,000 ताबडतोब टाका. नाही टाकले तर ड्रायव्हर पिंजरा रस्त्याच्या कडेला उतरवून पुढे जाईल. हे शब्द मला तेव्हा जसे ऐकू आले तसे आजही येतात. त्या दिवशी विदर्भात ऊन किती होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास जातो.

मी पैसे भरायला निघाले होते. दादाने फोन हातातून घेतला. म्हणाला, “तू पैसे टाकू नको बाप्पा, लोकेशन दे, मी निघालोच.” लोकेशन कारंजा लाडच्या इंटरचेंजजवळच्या एका ढाब्याचं दिसत होतं. दादा आणि त्याचा मित्र समृद्धीने निघाले, मी 112 ला फोन केला आणि ड्रायव्हरलाही लावला. तो बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, “ताई, कुठला चेकपोस्ट नाही इथं. मला थांबायला सांगितलंय. मलाबी पैसे दिले नाहीत. कुत्री लई धापा टाकतायत.” मी त्याला सांगितलं, पिंजरे सावलीत काढ, पाणी पाज, अंगावर पाणी मार. त्याने ते केलं. हा माणूस दोषमुक्त आहे असं मी म्हणत नाही, पण खंडू वाचला त्यात त्याचा वाटा आहे.

दादा पोहोचला तेव्हा तिथे पोलीसही आले होते. आणि तिथे जे कळलं, ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं म्हणून हे लिहिते आहे. गाडीतल्या दुसऱ्या पिंजऱ्यात पग जातीचा एक कुत्रा होता, अमरावतीला निघालेला. त्याच्या घरच्यांकडे सकाळीच अशीच मागणी झाली होती आणि त्यांनी पैसे भरलेही होते. तरी तो पग तिथेच, त्याच पिंजऱ्यात, जीभ काळीनिळी पडलेली. पैसे भरल्याने जनावर सुटत नाही. एकदा भरले की दुसरी मागणी येते. दादाने त्यालाही एसी गाडीत घेतलं आणि अमरावतीच्या त्या कुटुंबाला फोन करून आधी जवळच्या डॉक्टरकडे नेलं. पग वाचला. चपट्या नाकाच्या जातींना उष्णता बाहेर टाकणं मुळातच जड जातं. त्यांना उन्हाळ्यात कोणाच्याही गाडीतून असं पाठवूच नये.

खंडूला रात्री सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ताप बघितला, सलाईन लावली. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते 104 च्या वर गेलं की धोका सुरू होतो, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. अशा वेळी साधं पाणी मारायचं आणि पंखा लावायचा, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. वाहतुकीच्या त्याच 1978 च्या नियमांत उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यायचं लिहिलं आहे. त्या व्हॅनमध्ये पाण्याचं भांडंच नव्हतं. चिंगी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आक्रसून बसलेली, स्वतःच्याच घाणीत. नव्या घरात तिला एका खोलीत बंद ठेवलं, तरी कितीतरी दिवस ती पलंगाखालून निघत नव्हती.

तक्रारीचं सांगते. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ऐकवलं की हा तुमचा भाड्याचा वाद आहे. आम्ही मेसेज, खोटा दाखला, धमकीच्या फोनची वेळ, सगळं छापून नेलं आणि भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 आणि खंडणीचं 308 अर्जात लिहूनच दिलं, तेव्हा तक्रार घेतली गेली. प्राण्यांवरच्या क्रूरतेसाठी 1960 च्या कायद्याचं कलम 11 आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपये! हे वाचून माझा संताप आवरला नव्हता, आजही आवरत नाही. म्हणून नुसत्या त्या कलमावर अडून राहू नका. ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

आमचे 25,500 पैकी 8,000 रुपये बँकेने गोठवले आहेत, ते परत मिळण्याचा अर्ज कोर्टात आहे. बाकीचे गेले. एजंटचा नंबर बंद आहे, पण तीच जाहिरात, पिंजऱ्यातल्या त्याच गोल्डन रिट्रिव्हरच्या फोटोसकट, नव्या नावाने पुन्हा दिसू लागली आहे. तुम्हाला कोणी न तपासता दाखला पाठवला असेल किंवा समृद्धीवरच्या चेकपोस्टच्या नावाने पैसे मागितले असतील, तर ते मेसेज पुसू नका आणि तक्रार जरूर नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध तीन-चार तक्रारी जमल्या की पोलिसांना ते बाजूला ठेवता येत नाही.