रग्बी संघाचा जुना फोटो आणि किल्डेअर स्ट्रीटवरची नॅशनल लायब्ररी

डब्लिनमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या कागदांत जीव अडकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत जायला सांगेन. घराण्याचा शोध घेणाऱ्यांसाठी तिथे मार्गदर्शन मिळतं, तेही पूर्ण मोफत. त्यासाठी तुमचे पूर्वज आयरिश असायला हवेत असं काही नाही. माझे साताऱ्याचे. मी घेऊन गेले होते एका शाळेच्या रग्बी संघाचा फोटो.

माझा मुलगा इथल्या शाळेच्या संघात हुकर (स्क्रममध्ये पुढच्या रांगेत मधोमध असणारा खेळाडू) म्हणून खेळतो. त्याच्या खोलीत लावायला म्हणून जुन्या बाजारातून हा फोटो घेतला. पंधरा मुलं, दोन्ही टोकांना काळ्या झग्यातले धर्मगुरू, मधोमध कप्तान, त्याच्या मांडीवर चेंडू आणि चेंडूवर रंगवलेले आकडे: १९१०-११. पुढे दोघं मांडी घालून बसलेत, एकाच्या गुडघ्याला अजून चिखल आहे. खाली नावं लिहिलेला पुठ्ठा असणार, पण कुणीतरी फ्रेमच्या मापात बसवायला तो कापून टाकलाय. त्याचा मला फार राग येतो. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं एक आडनाव आणि दोन आद्याक्षरं, एवढंच उरलंय.

विकणारा ठामपणे म्हणाला होता, जर्सीवर काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत म्हणजे बेल्व्हेडिअर कॉलेज. डब्लिनमध्ये हे चटकन पटतं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात १ नोव्हेंबर १९२० रोजी माउंटजॉय तुरुंगात फाशी गेलेला अठरा वर्षांचा केव्हिन बॅरी त्याच शाळेचा, आणि शाळेच्या जर्सीतला त्याचा फोटो इथे पुष्कळांच्या ओळखीचा आहे. दुसरीकडे, फोटो रंगीत करून देणाऱ्या एका अ‍ॅपने पैसे घेतले आणि तेच पट्टे आकाशी करून दिले.

लायब्ररीतल्या मार्गदर्शक बाईंनी भिंगाखाली फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, त्या काळच्या फोटोवरून जर्सीचा रंग ठरवू नका. तेव्हा फोटो ज्यांवर घेत त्या बहुतेक काचेच्या प्लेटा निळा प्रकाश फार चटकन टिपायच्या आणि लाल त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे लाल काळपट उमटायचा, निळा फिका पडायचा. ब्लॅकरॉक कॉलेजचे निळे-पांढरे पट्टे अशा प्लेटवर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतील आणि लाल-पांढरे मात्र चक्क काळे-पांढरे वाटतील. शिवाय खरेच काळे-पांढरे म्हणावेत तर कॉर्कच्या प्रेझेंटेशन ब्रदर्स कॉलेजचेही तेच रंग. एवढं ऐकल्यावर अ‍ॅपचं आकाशी चित्र मी फोनमधून काढून टाकलं.

मग त्यांनी जनगणनेची वेबसाइट उघडून दिली. ती नॅशनल आर्काइव्हजची आहे, घरबसल्या फुकट पाहता येते. १९०१ आणि १९११ या त्या काळातल्या दोनच जनगणना पूर्ण शिल्लक आहेत. आधीच्यांपैकी काहींची सरकारनेच विल्हेवाट लावली आणि काही १९२२ साली आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार पेटलं तेव्हा गेल्या. १९११ ची मोजणी २ एप्रिलच्या रात्रीची. माझा फोटो नेमका त्याच हंगामाचा! त्या रात्री जो जिथे झोपला तिथे त्याची नोंद, म्हणजे वसतिगृहातली मुलं शाळेच्याच यादीत सापडतात. पेन्सिलीतल्या नावाशी जुळणारी दोन मुलं निघाली. एक नऊ वर्षांचं, म्हणून बाद. दुसरा सतराचा, एका निवासी शाळेत, जन्म मेयो परगण्यातला, भाषेच्या रकान्यात आयरिश आणि इंग्रजी दोन्ही. बेल्व्हेडिअरमध्ये मुलं राहत नाहीत, संध्याकाळी घरी जातात, म्हणजे ही शाळा बेल्व्हेडिअर नव्हे. मुलाचं आणि शाळेचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरचे लोक हयात असतील.

मला सर्वांत आवडलं ते हे, की बाईंनी मला तिथेच खूश होऊन जाऊ दिलं नाही. मागे नाव आहे म्हणजे तो मुलगा फोटोत आहेच असं नाही, म्हणाल्या. फोटो त्याच्या भावाचाही असू शकतो. वर्तमानपत्रं बघा. वाचक-कार्ड मोफत मिळतं. पिशवी लॉकरमध्ये ठेवायची, आत पेन चालत नाही, पेन्सिलच. १८९० साली उघडलेल्या या इमारतीतल्या घुमटाखालच्या वाचनकक्षात बसून मी १९११ चे फेब्रुवारी-मार्चचे अंक चाळले. शालेय चषकाच्या सामन्यांच्या बातम्यांत तेव्हा अख्खा संघ छापत. त्या शाळेच्या फॉरवर्ड्समध्ये, म्हणजे स्क्रममध्ये उतरणाऱ्या पुढच्या खेळाडूंमध्ये, ते आडनाव आहे! घरी येऊन मुलाला सांगितलं तर तो भिंगच घेऊन बसला, यातला हुकर कोण ते शोधायला.

जाण्याआधी एवढं लक्षात घ्या: तिथे वाट दाखवतात, शोध तुमचा तुम्ही करायचा. फोटोची किंमत सांगणं किंवा दुरुस्ती करणं हे त्यांचं काम नाही. येण्याच्या वेळा वेबसाइटवर पाहून जा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करून न्या, आणि पुठ्ठा असेल तर कृपा करून कापू नका.