घरचं बीपी मशीन: वरुडच्या उन्हाळ्यात वापरून पाहिलेलं

दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल मशीन आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार या भावातल्या बऱ्याच मशीनना लागू पडेल. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा दंड संत्र्याच्या बगीच्यात फावडं मारून कमावलेला, ३४ चा. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच वाढतो आणि माणूस फुकट जास्तीची गोळी खातो. मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन मागवावा लागला.

बाकी मशीन चांगलं. सेलवर चालतं, त्यामुळे लाईन गेली तरी अडत नाही. पट्टा सैल होताना धमनीची थरथर ओळखून ते आकडा काढतं, म्हणून मोजताना बोलायचं नाही, हलायचं नाही. इथंच आमचं घोडं अडतं. "अवं, मी का लहान पोट्टं आहो गप बसाले? तिकडं व्यापारी येऊन बसला ना!"

मशीन घेतलं ते गोळीचा परिणाम पाहायला. मामाजींना आधी ॲमलोडिपिन सुरू होती. धमनीच्या भिंतीतला स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. ही गोळी त्याची वाट अडवते, धमनी सैलावते. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर जातो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी आकडा पाहून गोळीला नावं ठेवू नका. आकडा छान उतरला, पण घोटे सुजले, अंगठा दाबला की खड्डा. मशीनला हे कुठून कळणार? पाटाचं दार मोठं केलं आणि निचऱ्याची नाली तशीच ठेवली तर वाफ्यात पाणी साचणारच. इथं धमन्या उघडतात, शिरा तेवढ्या उघडत नाहीत. डॉक्टरांनी ॲमलोडिपिन कमी करून टेल्मिसार्टन जोडली. ती शिरांनाही सैल करते. सूज ओसरली.

मशीनचे पैसे खरे वसूल झाले ते मे महिन्यात. पारा ४५ च्या घरात, उष्णतेनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आधीच सैल, घामावाटे पाणी-मीठ गेलेलं, त्यावर या दोन गोळ्या. मामाजी बाजेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. घरचे म्हणाले, ऊन लागलं, कैरीचं पन्हं द्या. बसवून मोजलं तर १२२, कुठंच काही बिघाड नाही. मग उभं करून एका मिनिटानं आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला मोजलं, तर ९८! उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांच्या कानावर घालायचंच. त्यांनी उन्हाळ्यापुरता डोस कमी केला. आम्ही मनानं एकही गोळी बंद केली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण गावात पुष्कळ जण तसंच करतात.

गोळ्या आता जनऔषधीच्या घेतो, खर्च बराच कमी झाला, आकड्यात फरक दिसला नाही.

मशीनमध्ये जुने आकडे साठतात म्हणे. पण अर्धी गल्ली आमच्या ओसरीत येऊन मोजून जाते, त्यात मामाजींचे कोणते ते कोण सांगणार? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहिते, आणि उभ्यानं घेतलेल्या आकड्यापुढे 'उ'. पाचपैकी चार तारे. एक त्या पट्ट्यापायी कापला.