29 वर्षं गेटवेवर डबा खाल्ला, लाँच एकदाच पकडली

सोलापूरचे साडू जेवताना म्हणाले, "एलिफंटा कसं आहे हो? एका दिवसात होतं ना?"

मी भात कालवत म्हणालो, "होतं की. मस्त आहे."

बायको वरणाचा डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी एलिफंटाला गेलेलो नाही हे तिला ठाऊक होतं. आणि तीही गेलेली नाही हे मला ठाऊक होतं. मी जन्मलो लालबागला, 29 वर्षं नोकरी केली रिगल थिएटरच्या जवळ. हवा बरी असली की गेटवेला लागून असलेल्या अपोलो बंदरच्या कठड्यावर बसून डबा खायचो. समोरून लाँच सुटायच्या, पांढऱ्या टोप्या घातलेल्या सहली चढायच्या, 'एलिफंटा एलिफंटा' असं ओरडणारे एजंट मलासुद्धा सोडायचे नाहीत. मी मान हलवायचो आणि डब्याचं झाकण लावायचो. कितीतरी वेळा लोकांना रस्ता सांगितलाय: तिकीट इथे काढा, सोमवारी लेणी बंद असतात, परतीचं तिकीट जपून ठेवा. एवढी माहिती असल्यावर जायची गरजच काय!

खरं सांगायचं तर कारणं होती. रविवारी एकतर झोप किंवा कोणाचं तरी लग्न. पोरं लहान होती तेव्हा चौघांचं लाँचचं भाडं आणि वरचं खाणंपिणं यांचा हिशेब केला की तेवढ्यात एस.टी.ने गावाला जाऊन येता यायचं. आणि मुंबईकराच्या डोक्यातला नकाशा लोकलचा असतो. ज्या जागेला स्टेशन नाही ती त्याच्या मुंबईत नाही. (हे बेट मुंबईत नाहीच, हे मला तिथे गेल्यावर कळलं. घारापुरी ग्रामपंचायत, तालुका उरण, जिल्हा रायगड. म्हणजे आम्ही मुंबईची शान म्हणून पाहुण्यांना दाखवतो ते दुसऱ्याच जिल्ह्याचं.)

गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो, त्यामुळे साडूंसमोर रजेचं कारण उरलं नव्हतं. जानेवारीतला गुरुवार गाठून चौघं निघालो. त्या दिवसाचा हा हिशेब. मुंबईतच राहून न गेलेले वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लाँच. माणशी 260 रुपये, जाऊन-येऊन. तिकीटवाला म्हणाला, "पाच मिनिटांत सुटतेय." सुटली पंचवीस मिनिटांनी, शेवटचं बाकडं भरल्यावर. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे 20 रुपये असतात, हे तो मजला भरल्यावर आणि लाँच हलल्यावर सांगण्यात आलं. दोन लाँच एकमेकींना बांधलेल्या होत्या, त्यामुळे एकीतून दुसरीत पाऊल टाकावं लागलं. मेहुणीने एका हातात चपला घेतल्या आणि दुसऱ्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही धरली, ती थेट बाकड्यावर बसेपर्यंत सोडली नाही.

जॅकेटांबद्दल बोललंच पाहिजे. डिसेंबर 2024 मध्ये याच पाण्यात नौदलाच्या स्पीडबोटीने प्रवासी बोटीला धडक दिली आणि माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. मिळालं खरं, पण माझ्या जॅकेटाचा एक पट्टा तुटका होता आणि त्याला डिझेलचा वास येत होता. खलाशाला दाखवलं तर म्हणाला, "काका, गाठ मारा." मारली. लाँचला मी पाचपैकी दोन तारे देतो. तेही परतीच्या वाटेवरच्या गार वाऱ्यामुळे.

तास मात्र मजेत जातो. गेटवे मागे सरकत बारीक होतो तेव्हा कळतं की आपण त्याच्याकडे आयुष्यभर चुकीच्या बाजूने पाहिलं. 1924 साली तो बांधून झाला तो बोटीने येणाऱ्याला दिसावा म्हणून, आणि आम्ही मात्र कायम टॅक्सीच्या बाजूने त्याची पाठ बघत आलो. मग नौदलाच्या राखाडी बोटी, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, लांब न्हावा-शेवा बंदराच्या क्रेना आणि उत्तरेकडे धुक्यात अटल सेतूची रेघ. साडूंनी गाठ्यांची पिशवी काढल्याबरोबर सीगल अंगावर आले. एकाने त्यांच्या बोटांतून गाठी अलगद नेली. पुढचा अर्धा तास साडू कोणाशी बोलले नाहीत.

धक्क्यावरून छोटी आगगाडी आहे, दहा रुपयांत पायऱ्यांपाशी सोडते. मी म्हटलं चालू या; बायकोने माझ्याकडे न बघता तिकीट काढलं. पायऱ्या 120 आहेत असं सगळे सांगतात. मी मोजल्या नाहीत, कारण दोन्ही बाजूंना टोप्या, माळा आणि दगडी हत्तींची दुकानं आणि प्रत्येक दुकानापाशी मेहुणी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. आत जायचं तिकीट 40 रुपये. वरती माकडं आहेत आणि त्यांना बाटलीचं झाकण फिरवून उघडता येतं. साडूंच्या ऑरेंज ड्रिंकवर हे ज्ञान आम्हाला मिळालं.

जेवण वरच्या एका हॉटेलात घेतलं. नाव सांगत नाही. भेंडीची भाजी होती असं मेन्यूत लिहिलं होतं आणि बिलातही होतं. ताटात मला ती सापडली नाही. डबा न्या.

आता लेणं. गावातलाच एक गाइड पोरगा घेतला, विशीतला. तसं नुसतंच फिरणार होतो, पण साडू सोबत असल्यामुळे कंजुषी बरी दिसली नसती. हे पैसे दिवसभरातले सगळ्यात चांगले गेले.

उन्हातून आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, फक्त खांब. पोरगा म्हणाला, "दोन मिनिटं थांबा, डोळे बसू द्या." थांबलो. मग समोरच्या भिंतीतून हळूहळू तो चेहरा बाहेर आला. कॅलेंडरवर, पुस्तकात, कोणाच्या तरी हॉलमधल्या प्लास्टरच्या फ्रेममध्ये मी तो शेकडो वेळा पाहिला होता. पण तो अठरा-वीस फूट उंच आहे, हे कुठलं कॅलेंडर सांगणार? छातीपासून वरचा भागच एवढा. डोळे मिटलेले, खालचा ओठ जाड, आणि त्या ओठाच्या कडेवर उजेडाची एक बारीक रेघ.

शाळेत आम्हाला ब्रह्मा-विष्णू-महेश असं शिकवलं होतं. पोरगा म्हणाला, तिघंही शंकरच. सदाशिव, पाच मुखांचा, पैकी तीन दिसतात. आपल्या डाव्या हाताचा तो अघोर: मिशी, आठ्या, हातात नाग. उजव्या हाताचा वामदेव: बाईसारखा नाजूक, कुरळे केस, हातात कमळ. आणि मधला दोघांत असून नसल्यासारखा. सहाव्या शतकातलं काम आहे. बाहेरून दगड आणून बसवलेला नाही, डोंगर आतून कोरत कोरत हे सगळं शिल्लक ठेवलंय. बायको खांबाला टेकून बसली ती वीस मिनिटं उठली नाही. तिला पाय दुखतात का विचारलं तर म्हणाली, "गप बसा जरा."

मला स्वतःला आवडलं ते लग्न. शंकर-पार्वतीच्या विवाहाचं शिल्प. बऱ्याच मूर्तींचे पाय फुटलेत, इथेही खालचा भाग गेलाय. पण पार्वतीची मान किंचित खाली, शंकराने तिचा हात धरलेला, आणि मागून तिचा बाप हिमवान तिला हलकेच पुढे सरकवतोय. आमच्या धाकटीच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मी नेमका असाच मागे उभा होतो. दगडात ते कोणी तरी चौदाशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आणि मी समोरच्या कठड्यावर बसून मेथीची भाजी खात होतो.

लेण्यांना पाच तारे. त्यांचं काही अडत नाही म्हणा. 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

मग मी पोराला विचारलं, "नावात हत्ती आहे, मग हत्ती कुठाय?" तो हसला. पोर्तुगिजांना बंदरावर दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी एलिफंटा नाव ठेवलं, मूळ नाव घारापुरीच. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तर पडून त्याचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये तुकडे जोडून उभा केला. "कुठे?" "तुमच्याकडेच, काका. राणीच्या बागेत. म्युझियमच्या बाजूला."

मी चाट. त्या हत्तीच्या शेजारी माझा तिसरीतला फोटो आहे. खाकी हाफ पँट, हातात मटारच्या करंजीचा डबा. शाळेची सहल दर वर्षी राणीच्या बागेतच जायची, कारण ती चालत जाता येईल अशी होती. पोरांना घेऊन मी गेलो, आता नातवाला घेऊन गेलो. बागेत दगडाचा हत्ती असतो, एवढंच मला वाटायचं. म्हणजे एलिफंटाचा एलिफंटा मी पन्नास वर्षांत पंचवीसेक वेळा पाहिला होता. फक्त बेट राहिलं होतं.

उतरताना साडेतीनचं ऊन. पायऱ्यांवर एक बाई टोपली घेऊन बसली होती. काकडी, बोरं, चिंचा. हॉटेलातल्या त्या जेवणानंतर तिची काकडी अमृत लागली. (तिला पाच तारे. सहा असते तर सहा.) बोलता बोलता कळलं, ती लग्न होऊन याच बेटावर आली, चोवीस वर्षं झाली. घरात चोवीस तास वीज आली 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. आमच्या लालबागचे गणपतीतले दिवे आठवले आणि मी उगाच दुसरी काकडी घेतली.

बायकोने विचारलं, "लेणं कसलं सुंदर आहे हो! तुम्ही रोज जात असाल."

"लेन्यात? नाय ओ. लग्न झाल्यावर एकदा नेलेलं सासूनं. आता कशाला जायाचं? टोपली कोन बघनार?"

मी तिला हत्तीचं सांगितलं. तुमच्या बंदरावरचा हत्ती आमच्याकडे आहे, भायखळ्याला, राणीच्या बागेत. तिने ऐकलं होतं, पाहिला नव्हता. मुंबईला आठवड्यातून एकदा जाते, माल आणायला, सोमवारी, कारण सोमवारी लेणी बंद म्हणून धंदा बंद. भायखळ्याच्या मार्केटातही जाते म्हणे.

"मग तिथून चालत आहे," मी म्हटलं. "दहा-पंधरा मिनिटं."

"सोमवारी चालू असतं काय ते?"

"असतं. बुधवारी बंद."

तिने काकडीच्या चार फाका केल्या, तिखटमीठ चोळलं आणि कागदावर ठेवून माझ्या हातात दिलं.

"बघू कवातरी. दगडाचाच हाय ना, कुठं जातोय तो."