आउटलुकच्या जुन्या पीएसटी फाईलचा पासवर्ड विसरलाय, तर कुठला मार्ग धरायचा?

काकांचं गोव्यात डिचोलीला बार्जच्या, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींच्या, धंद्याचं ऑफिस होतं, २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि हळूहळू तेही बंद झालं, पण सगळ्या मेल एका पीएसटी फाईलमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं आउटलुक ज्यात मेल साठवून ठेवतं त्या फाईलमध्ये, राहिल्या होत्या. गेल्या पावसात एका जुन्या बिलासाठी त्या लागल्या तेव्हा कळलं की फाईलला पासवर्ड आहे आणि काकांना तो काही केल्या आठवत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग निवड सोपी जाते. पीएसटीत पासवर्ड लिहून ठेवलेला नसतो, त्याच्यापासून गणित करून काढलेला ३२ बिटचा सीआरसी नावाचा पडताळणीचा आकडा तेवढा असतो, आणि तुमच्या मेल त्या पासवर्डने लॉक झालेल्याच नसतात. आउटलुक दारात उभं राहून आकडा जुळतो का बघतं, बस. असे आकडे साधारण ४२९ कोटीच होतात, म्हणून एकाच आकड्याला भलतेच शब्दही जुळतात.

त्यामुळे नीरसॉफ्टचं पीएसटीपासवर्ड हे फुकटचं टूल मला सगळ्यात बरं वाटलं. आउटलुक बंद करून फाईलच्या कॉपीवर चालवलं तर एका झटक्यात तीन पासवर्ड समोर आले, तिन्ही नुसती अर्थ नसलेली अक्षरं, काकांचा त्यातला एकही नव्हता, तरी पहिलाच टाकला आणि फाईल उघडली! अँटीव्हायरस मात्र असल्या टूलवर ओरडतो, म्हणून डाउनलोड त्यांच्याच साईटवरून करा.

आउटलुकच नसेल तर लिनक्सवरचं रीडपीएसटी बघा. ते पासवर्ड विचारतच नाही, सरळ मेल काढून एमबॉक्स (मेल ठेवायचा साधा फाईल प्रकार) बनवतं आणि ते थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्राममध्ये घेता येतं. कमांड टाईप करायची सवय नसेल तर जरा जड जातं, पण पासवर्डच्या भानगडीत पडावंच लागत नाही, आणि मेल पुढे आउटलुकबाहेरच ठेवायच्या असतील तर मी हेच घेईन.

पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअरं याहून वेगळं काही करत नाहीत, घाई नसेल तर पहिले दोन करून बघा. फाईल दुकानात द्यायला तर माझा साफ नकार आहे, त्यात बँकेची पत्रं, लोकांचे हिशेब, घरचं सगळं असतं. आणि आउटलुकबरोबर येणारं स्कॅनपीएसटी मोडकी फाईल दुरुस्त करायला आहे, पासवर्ड काढायला नाही, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

पण पीएसटी कुणी पासवर्ड घालून झिप करून ठेवली असेल, आणि तीही एईएस या पक्क्या कुलूपबंद पद्धतीची, तर वरचं काहीच चालणार नाही. तिथे खरंच कुलूप असतं, घरच्या माणसांना विचारून जुने पासवर्ड लावून बघणं एवढंच हातात राहतं.

आमचं बिल २००९ च्या एका मेलमध्ये सापडलं, आमोण्याच्या जेटीवर बार्ज भरल्याचा हिशेब खाली जोडलेला, काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.