गिल्बर्ट जी-टीआर ४०००: खान्देशच्या मैदानावर सरावाचा रग्बी चेंडू

रग्बीत करिअर करू पाहणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरापोरींनी पहिला खर्च चेंडूवर करावा, भारी बुटांवर नाही. युनियन रग्बी (रग्बीचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार) १९९५ साली व्यावसायिक झाली. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत सात-सात खेळाडूंची रग्बी प्रीमियर लीगही झाली, म्हणजे आपल्याकडेही या खेळात पैसा येऊ लागलाय. निवड चाचणीत वेग आणि ताकद बघतातच, पण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा पास जातो की नाही हे लगेच उघडं पडतं. ते मनगट रोजच्या चेंडूवरच तयार होतं.

१९९५पासून वर्ल्ड कपचा चेंडू गिल्बर्ट या कंपनीचाच असतो. जी-टीआर ४००० हा त्यांचा सरावाचा चेंडू: चार पाकळ्या, हाताची शिवण, आत कापडाचे तीन थर, वर दाणेदार रबर. मॅचच्या चेंडूइतका तो हाताला चिकटत नाही. सरावासाठी हे बरंच आहे, कारण चिकट रबर आपल्या कडक जमिनीवर लवकर झिजतं.

हातात आल्यावर आधी शिंप्याची टेप आणि किराणा दुकानातला काटा वापरा. पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा चेंडू नियमाप्रमाणे २८० ते ३०० मिलिमीटर लांब असतो, टोकांवरून घेर ७४० ते ७७०, मधला घेर ५८० ते ६२०, वजन ४१० ते ४६० ग्रॅम. या मापात न बसणारा चेंडू परत करा, नाव कोणतंही छापलेलं असो. मग लांबीच्या अक्षावर फिरवून वर फेका. डगमगत असेल तर ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) वाकडं बसलंय, त्याचा स्पायरल, म्हणजे गोल फिरत जाणारा पास कधीच सरळ जाणार नाही.

खान्देशात खरी डोकेदुखी हवेच्या दाबाची आहे. नियमातला दाब ९.५ ते १० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड). मे महिन्यात पहाटे २५ अंशांना ९.५ भरला आणि चेंडू उन्हात पडून ५५ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब १२च्या आसपास जातो. असा चेंडू छातीवरून उसळतो, शिवणीवर ताण येतो. थंडीत उलटं होतं: दुपारी ३० अंशांना भरलेला चेंडू पहाटे १० अंशांना जेमतेम ८ दाखवतो. मऊ चेंडू झेलायला सोपा, त्यामुळे हात सुधारल्याचा भास होतो. पण ड्रॉप किक (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) लांब जात नाही, आणि सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) ड्रॉप किकनेच मारायचं असतं. म्हणून दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप घ्या आणि दाब सरावाच्या जागी, सरावाच्या वेळी मोजा. पिन ग्लिसरीनच्या थेंबाने ओली करून सरळ घाला. कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते, आणि त्यातून हवा झिरपायला लागली की चेंडू रोज बसतो.

पावसाळ्यात कपाशीची काळी माती दाण्यांमध्ये भरते. वाळली की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चेंडू हातातून निसटतो. त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात लावू नका, रबर खराब होतं. सिमेंटच्या कोर्टावर किक मारणंही टाळा, दाणे आधी टोकांजवळच जातात.

बाभळीच्या काट्यापुढे मात्र कापडाचे तीन थरही टिकत नाहीत. गळती आतल्या ब्लॅडरला असते, त्यामुळे सायकलचं सोल्यूशन वरून थापून उपयोग नाही. शिवण उसवून ब्लॅडर बदलावं लागतं, आणि ते नीट शिवणारा कारीगर जवळपास मिळणं कठीण. सरावाआधी मैदानाच्या कडा झाडून घ्या.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना चार नंबर द्या, लहानग्यांना तीन. छोट्या हातांना पाच नंबर दिला की पोरं तो अंगाशी धरून पळतात आणि पास द्यायचं टाळतात.