लग्नघरातला २० नंबरचा दोरा

मर्सराइझ केलेला, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चमकदार केलेला, २० नंबरचा सुती क्रोशे दोरा हा या परीक्षणाचा विषय आहे. भाचीच्या रुखवतासाठी दारावरचे तोरण, ताटांवर झाकायचे रुमाल आणि अंतरपाटाची किनार एवढे काम मी या दोऱ्यात केले असून, तुलनेसाठी याच वस्तूंचे लहान नमुने १० आणि ४० नंबरच्या दोऱ्यांत व ॲक्रिलिक लोकरीतही विणून पाहिले. लग्न ठरलेल्या घरात, नोकरी सांभाळून, हाताने काही करण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी हाच दोरा घ्यावा, असे माझे मत झाले आहे. दोरा चांगला असणे आणि तो लग्नघरात उपयोगी पडणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात उभे असताना त्यांपैकी पहिलीच तेवढी दिसते.

लग्नघरात सलग एक तास मोकळा मिळत नाही. केळवणाची आमंत्रणे, बस्त्यासाठी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या फेऱ्या, पत्रिकेत कोणाचे नाव कोणाच्या आधी यावे यावरची खलबते आणि मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाचे वेळीअवेळी येणारे फोन, यांतून जो वेळ उरतो तो दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत उरतो. दोन सुयांवरच्या विणकामात सगळी ओळ सुईवर उघडी असते. मध्येच कोणी हाक मारली आणि सुई निसटली, तर टाके उसवत खाली जातात. क्रोशाचे तसे नाही. कोणत्याही क्षणी उघडा असतो तो एकच फास; तो जरा मोठा ओढून ठेवला किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवली, की काम पिशवीत टाकून पाहुण्यांसमोर चहा घेऊन जाता येते. वनाझ ते रामवाडी या मेट्रोच्या प्रवासात, ब्यूटी पार्लरच्या बाकावर, छायाचित्रकार आपले जुने अल्बम दाखवीत असताना, असे कोठेही हे काम पुढे सरकते. त्यासाठी दोरा असा हवा, की नजर दुसरीकडे असतानाही बोटांना तो नीट कळावा.

येथेच मर्सराइझ केलेल्या दोऱ्याचा खरा गुण दिसतो. साध्या सुती दोऱ्याला पीळ सैल असला तर सुईची खाच त्याच्या पदरांमध्ये घुसते, अर्धा दोरा वर येतो, अर्धा मागे राहतो आणि टाका उसवून पुन्हा घालावा लागतो. घट्ट पिळाच्या मर्सराइझ दोऱ्यात असे फारसे होत नाही. या प्रक्रियेला ज्यांचे नाव मिळाले त्या जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये कापसावर कॉस्टिक सोड्याचा काय परिणाम होतो ते पाहिले आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. परंतु त्या वेळी कापड आक्रसत असल्यामुळे ती पद्धत फारशी रुजली नाही. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो यांनी सूत ताणून धरून हीच क्रिया केली, तेव्हा आक्रसणे थांबले आणि वर रेशमासारखी चमक आली. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पीळ पडलेल्या फितीसारखा असतो. सोड्यात तो फुगून गोलसर होतो, त्यामुळे त्यावरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो, तंतूची ताकद वाढते आणि रंगही अधिक खोलवर बसतो. विणणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, सुटे आणि स्पष्ट दिसतात व किती विणून झाले ते बोटाने चाचपून मोजता येते.

नंबराचा हिशेब उलटा असतो: आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक. दहा नंबर भराभर संपतो आणि दीड मिलिमीटरच्या सुईवर हात लवकर बसतो, पण त्यात विणलेले तोरण जड होते आणि मधोमध झोळ देते. चाळीस नंबर दिसायला सर्वांत देखणा आहे. मात्र त्याला एक मिलिमीटरची सुई आणि दिवसाउजेडी मिळणारा निवांत वेळ लागतो, आणि लग्नघरात या दोन्हींपैकी फक्त सुई मिळते. वीस नंबर आणि सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटली. रुमालाच्या मधल्या गोलात मुके, म्हणजे आखूड, खांब घट्ट बसतात, कडेच्या कमानी साखळ्यांवर नीट उभ्या राहतात आणि रात्री ट्यूबलाइटखालीही डोळ्यांना फार ताण पडत नाही. अंतरपाटाच्या बाबतीत तर हा फरक निर्णायक ठरतो. मंगलाष्टके संपेपर्यंत दोघांना तो दोन्ही टोकांनी धरून उभे राहायचे असते, आणि अलीकडे मंगलाष्टके म्हणण्याची हौस असलेल्या नातेवाइकांची संख्या पाहता तो वेळ बराच लांबतो. जाड दोऱ्याची किनार अशा वेळी कापडाला खाली ओढते. वीस नंबरची किनार त्याच्या रेषेत राहते.

पुण्यात खरेदी करायची तर तुळशीबाग आणि तिच्या आसपासची लोकर-दोऱ्याची दुकाने पुरेशी आहेत. मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर गाडी बदलून मंडई स्थानकावर उतरले, तर पार्किंगची चिंता उरत नाही. मी जेथून दोरा घेतला तेथील काकांनी गुंडी हातात देण्याआधी, वस्तू टांगायची आहे, अंथरायची आहे की रोज धुवायची आहे, एवढेच विचारले आणि त्यावरून नंबर सुचवला. अशी विचारपूस करणारे दुकान निवडावे, मग ते कितीही अरुंद असो. मण्यांची झालर किंवा घुंगरू लावायचे असल्यास रविवार पेठेत वेगळी फेरी करावी लागते. गुंडीच्या लेबलावर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा, क्रमांकही छापलेला असतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या दिव्यात लक्षात येत नाही. दारावर ऊन पडले की तोरणाचा अर्धा भाग निराळा दिसतो. म्हणून लागेल त्याहून एक गुंडी जास्त आणि सगळ्या एकाच लॉटच्या घ्याव्यात.

रंगाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. रुखवताच्या वस्तूंना हळदीकुंकवापासून वाचवणे अशक्य असते, आणि ज्या गुणामुळे मर्सराइझ कापूस कारखान्यातला रंग चांगला धरतो त्याच गुणामुळे तो हळदही मनापासून धरतो. पिवळा डाग पडला की घाईने साबण लावू नये, कारण क्षाराशी गाठ पडताच हळद लाल होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू करण्याची रीत याच क्रियेवर आधारलेली आहे. डाग साध्या पाण्याने काढता येईल तेवढा काढून वस्तू कडक उन्हात घालावी. हळदीचा रंग प्रकाशात विटतो. लाल दोऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तपासलेल्या दोऱ्यांपैकी एका लाल दोऱ्याने पहिल्याच पाण्यात रंग सोडला, आणि लेबलावर रंग पक्का असल्याचे छापलेले होते. पांढऱ्याशेजारी लाल विणायचा असेल, तर लालचा हातभर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवावा आणि मगच काम सुरू करावे.

ॲक्रिलिक लोकर स्वस्त आहे, तिचे रंग भडक आणि उठावदार आहेत, आणि तिच्यात तोरण निम्म्या वेळात होते, हे मान्य करायला हवे. तरीही रुखवतासाठी तिची शिफारस मला करवत नाही. तिच्यावर गोळे येतात, कडांना धार राहत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पेट्रोलियमपासून केलेला कृत्रिम तंतू असल्यामुळे आचेजवळ वितळते आणि पेटली तर वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. समई, निरांजन, औक्षणाचे तबक या सगळ्यांच्या मध्ये जी वस्तू ठेवायची, ती अशा तंतूची नसावी. सुती दोराही पेटतो, पण तो जळून राख होतो, वितळत नाही.

पावसाळ्यात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. पोलादी सुईवरचा मुलामा झिजलेला असेल आणि ती ओलसर हवेत पांढऱ्या कामात तशीच रात्रभर राहिली, तर गंजाचा ठिपका पडतो. लिंबू आणि मीठ लावून तो जातो. मात्र नंतर कापूस भरपूर पाण्यात धुवावा, कारण आम्ल आत राहिले तर तंतू कमकुवत होतो. रुमाल ताठ ठेवण्यासाठी भाताच्या पेजेची पातळ खळ मला बाजारातल्या फवाऱ्यापेक्षा बरी वाटली, परंतु खळ दिलेला रुमाल कपाटात ठेवला की कसरीला मेजवानी मिळते. त्यामुळे खळ लग्नाच्या आदल्या आठवड्यातच द्यावी.

दोऱ्याच्या किमतीवर कोणी फार विचार करू नये. मंगल कार्यालयातल्या एका पानाच्या दरात या दोऱ्याच्या अनेक गुंड्या येतात. किमतीचा प्रश्न पडतो तो तयार तोरण पाहिल्यावर. हात न लावता क्रोशाचे टाके घालणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. यंत्रावरची म्हणून जी लेस मिळते ती दिसायला तशी असली तरी तिची रचना वेगळी असते. म्हणजे दुकानात टांगलेले तोरण खरोखर क्रोशाचे असेल, तर ते कोणीतरी टाका-टाका घालून विणलेले आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात असे काम अनेक बायका पिढ्यानपिढ्या घरी करीत आल्या आहेत. ज्यांना विणायला सवड नाही त्यांनी तयार वस्तू खुशाल घ्यावी, मात्र भाव करताना हे ध्यानात असू द्यावे.

या दोऱ्याचे दोष सांगायचे तर गुंडी आतून सोडायला जावे तर गुंतते, म्हणून ती बाहेरूनच सोडावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. सलग अर्ध्या तासाहून अधिक विणले, तर डाव्या हाताच्या तर्जनीवर दोऱ्याचा वळ उमटतो. हा दोरा गुळगुळीत असल्यामुळे शेवटी ओवलेली टोके आखूड ठेवली तर निसटतात. बोटभर टोक ठेवून ते दोन दिशांनी ओवणे हाच त्यावर उपाय आहे.

उरलेल्या दोऱ्याचे काय करावे, असा प्रश्न शेवटी उरतो. फुलदाणीखालचे गोल, पडदा बांधायच्या पट्ट्या, उशीच्या अभ्र्याची लेस, यांपैकी काहीही करावे. बाळंतविड्यातली कुंची आणि पायमोजे मात्र यात विणू नयेत. घट्ट पिळामुळे हा दोरा कोवळ्या कातडीला बोचतो, आणि त्यासाठी मर्सराइझ न केलेला मऊ सुती दोराच घ्यावा लागतो. सूचना अवेळी वाटेल खरी, परंतु आमच्याकडे रुखवत मांडून व्हायच्या आतच एका आत्याबाईंनी त्या दोऱ्याची चौकशी केलेली आहे.