पीयूच्या भावात एनसी : पॉलिशवाल्याने आम्हाला कसं गंडवलं

लाकडाच्या पॉलिशमधली फसवणूक पहिल्या दिवशी दिसतच नाही, खरी मेख तिथे आहे. स्वस्तातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारा, मेलामाइन मारा, नाहीतर हार्डनर (पॉलिश कडक करणारं रसायन) घातलेला महागडा पीयू (पॉलियुरेथेन) मारा, काम संपलं त्या संध्याकाळी सगळं सारखंच तुकतुकीत दिसतं. आणि उरलेले पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे असतात.

आमच्याकडे डोंबिवलीत सासऱ्यांच्या वेळचं सागवान आहे. झोपाळा, पलंग, दोन कपाटं आणि मुख्य दार. ते चंद्रपूरकडे नोकरीला होते तेव्हा बल्लारशाच्या डेपोतून लाकूड घेऊन करवलेलं. आता जुनं फ्रेंच पॉलिश पार काळवंडलं होतं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. दिसायला देखणं, पण गरम भांडं किंवा पाणी सोसत नाही. म्हणून या वेळी पीयूच करायचा, असं घरात ठरलं.

दोन ठिकाणी विचारलं, भाव २४० ते २६० रुपये स्क्वेअर फूट. सोसायटीच्या ग्रुपवरून आलेल्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने १९० सांगितला, 'पीयू मॅट, विथ मटेरियल'. एवढं स्वस्त कसं, तर म्हणे, "ताई, माझं डीलरशी डायरेक्ट आहे, मधलं कमिशन नाही." गोड बोलणारा माणूस. सासूबाईंना वाकून नमस्कारही करून गेला. २५ हजार ॲडव्हान्स घेतला आणि दुसऱ्या दिवशी नामांकित कंपनीचे डबे दारात आणून ठेवले. बेस, हार्डनर, थिनर, सगळं लेबल दिसेल असं मांडलेलं.

त्या डब्यांची झाकणं आमच्यासमोर कुणी उघडलीच नाहीत. ती आधीच उचकटलेली होती, कडेला जुना माल वाळून बसला होता. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन नाहीतर खरवडायचा कोड असतो, तोही खरवडलेला. डबे खरे, आतला माल दुसरा. असे रिकामे डबे भंगारात सहज मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं.

खरी खूण मात्र दुसरीकडेच होती. संध्याकाळी काम थांबलं की त्याचा पोऱ्या उरलेला मिक्स माल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून बूच लावून ठेवायचा. सकाळी बाटली हलवून तोच माल स्प्रे गनमध्ये. मी विचारलं, "हे कालचंच ना?" तर म्हणाला, "हो, वाया कशाला घालवायचा?" कुणालाही काटकसरच वाटेल. पण टू-कंपोनंट पीयूत बेस आणि हार्डनर एकत्र झाले की घड्याळ सुरू होतं. काही तासांत मिश्रण दाटतं आणि दुसऱ्या दिवशी बूच घट्ट लावलेल्या बाटलीतही त्याचा गोळा झालेला असतो. म्हणून चांगला कारागीर लागेल तेवढंच मिक्स करतो. कालचं मिश्रण आज पाण्यासारखं पातळ निघत असेल, तर त्यात हार्डनर पडलेलंच नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

स्टेनमध्येही, म्हणजे लाकडाला द्यायच्या रंगातही, हात मारला. ठरलं होतं ते असं : जुनं पॉलिश काढून १२० नंबरच्या पॉलिश कागदाने घासायचं, मग त्याहून बारीक १८०, मग २२०, त्यावर अक्रोडी स्टेन लाकडात मुरवायचा, वर सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) आणि शेवटी टॉप कोट. याने १२० मारून थेट सीलर चढवला आणि रंग टॉप कोटमध्येच कालवला. काम निम्म्या वेळात उरकतं आणि गडद रंगाखाली घासण्याचे ओरखडे झाकले जातात. नंतर झोपाळ्याच्या कडेला कडी घासली तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून फिकट कोरडं लाकूड दिसलं. स्टेन मुरलेला असता तर खालीही तोच रंग दिसला असता.

मापाची गंमत वेगळीच. दाराची चौकट म्हणजे साडेसतरा फूट लांबी आणि पाच इंच रुंदी. हिशेबाने सव्वासात स्क्वेअर फुटांच्या आसपास. बिलात साडेसतरा! रनिंग फूट (नुसती लांबी) तेवढेच स्क्वेअर फूट धरायची काही जणांची पद्धत आहे, पण मग ते कोटेशनमध्ये आधी लिहायला नको का? कपाटांच्या आतल्या फळ्याही मापात होत्या, ज्यांना ब्रश लागलाच नव्हता. एकूण माप २४० आणि बिल ४५,६०० रुपये.

पावसाळ्यात पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर पांढुरके ढग उठले आणि चहाच्या कपाचं गोल वळ उमटलं. फोन केला तर, "दमट हवेनं होतं ताई, उन्हाळ्यात जाईल." थाप अर्धी खरी होती म्हणूनच पचते. दमट हवेत एनसी मारताना ते पांढरं पडतं हे खरंच आहे. पण काम तर मार्चमध्ये झालं होतं. नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

मग ओळखीच्या एका जुन्या कारागिरांना बोलावलं. त्यांनी पलंगाच्या मागच्या बाजूला थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरला. उचलला तर कापसाला रंग आणि बोटाला चिकट. "वहिनी, हे एनसी आहे. पक्का पीयू एवढ्यात सुटत नाही." घरी ही परीक्षा करायला थिनरऐवजी ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, फक्त न दिसणाऱ्या जागी बघा. मेलामाइनही एकदा वाळलं की थिनरला बऱ्यापैकी दाद देत नाही, तेव्हा बोळा कोरडा निघाला म्हणून पीयूच आहे असं समजू नका. त्यांनी सांगितलेलं दुसरं जास्त जिव्हारी लागलं. एनसीवर थेट पीयू मारला तर खालचा थर फुगून सुरकुततो. म्हणजे सगळं पुन्हा लाकडापर्यंत खरवडायचं. खर्च दुप्पट, आणि धूळ घरभर ती वेगळीच.

बिल साध्या कागदावरचं, जीएसटी नंबर नाही. हाताशी राहिलं ते व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, ज्यात 'पीयू मॅट' स्पष्ट लिहिलंय, यूपीआयच्या पावत्या आणि फोटो. रोख दिले असते तर तेही नसतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करता येतो. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती पोचली त्याच आठवड्यात साहेबांचा स्वतःहून फोन आला : "ताई, एवढं कशाला, मी पुन्हा एक हात मारून देतो." मी सांगितलं, हात नको, खात्यात पैसे टाका. त्यावर अजून उत्तर नाही. दाव्याचे कागद वकिलांकडे दिलेत.